द्राक्षांच्या मुलखात, कालव्याच्या काठाने

सायकल म्हटली की आपल्या वस्तीत काम आठवते. गिरणीची पाळी गाठणारी सायकल, दुधाचे कॅन लटकवलेली सायकल, पेपरवाल्याची, कुल्फीवाल्याची, पोस्टमनची सायकल. आमचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपला जाण्यासाठी २२ वर्षे एकच सायकल चालवीत होते. त्या २२ वर्षांत ती सायकल घेऊन ते कधी सहज, हवा खायला म्हणून बाहेर पडल्याचे आम्हांला आठवत नाही. रविवारी ती ओट्याला उलटी टेकवून चेनला तेल घालायचे, एवढीच तिची सुट्टी.

त्यामुळे फ्रान्समधले लोक आठ-आठ दिवस सायकलवर नुसते हिंडतात, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर जात नाहीत आणि यालाच सुट्टी म्हणतात, हे आमच्या भाच्याने फोनवर सांगितले तेव्हा आमच्या आयुष्मतींना हसूच आले. "मामी, तुम्ही एकदा या तर खरे," एवढेच तो म्हणाला. भाचा तुलूझ शहरात नोकरीला आहे. तिकिटाचा भार त्याने उचलला. आमच्यासारख्या कारकुनाच्या पगारात असला प्रवास बसत नाही, हे वाचकांना आधीच सांगून टाकतो. गेल्या सप्टेंबरात आम्ही उभयता जाऊन आलो.

तुलूझ हे दक्षिण फ्रान्समधले मोठे शहर. तेथून भूमध्य समुद्राकाठच्या तो नावाच्या खाऱ्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटर लांबीचा कालवा जातो. त्याचे नाव कनाल दु मिदी, म्हणजे दक्षिणेचा कालवा. कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उसाला पाणी देणारा पाट येतो. हा कालवा मात्र होड्यांसाठी खोदलेला. राजा चौदावा लुई याने १६६६ साली त्याचे फर्मान काढले, पुढच्या वर्षी खोदाई सुरू झाली आणि १६८१ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. होडीला दोर बांधून काठावरून घोडे ती ओढीत नेत. घोड्याला चढ-उतार नकोत म्हणून काठाची वाट सपाट ठेवलेली. १८५७ साली याच दिशेने रेल्वे आली. कालवाही रेल्वे कंपनीनेच पट्ट्याने घेतला. मग काय व्हायचे ते झाले, माल रेल्वेकडे गेला आणि कालवा ओस पडत गेला. आज त्यात सहलीच्या होड्या फिरतात आणि घोड्यांच्या वाटेवर सायकली. १९९६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले.

आम्ही पूर्ण कालवा केला नाही. कारकासॉन ते बेझिए हा सुमारे शंभर किलोमीटरचा टप्पा चार दिवसांत केला. उलट दिशेने न जाण्याचे कारण वारा. या भागात पश्चिमेकडून वाहणारा सेर नावाचा दांडगा वारा आहे. पूर्वेकडे तोंड केले की तो पाठीवर हात ठेवतो, पश्चिमेकडे वळले की छाती दाबतो. ज्यांना कोणाला कधी तेथे जायचा योग येईल त्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आयुष्मतींना सायकल येत नाही. त्यांच्या लहानपणी गावात सायकल ही भावांची वस्तू होती. म्हणून भाच्याने आमच्यासाठी दोघांची सायकल भाड्याने घेतली. तिला टँडम म्हणतात. दोन सीटा, दोन हँडल, पण वळवायचे आणि ब्रेक लावायचे पुढच्याने. मागच्याने फक्त पायडल मारायचे. "म्हणजे घरचेच," असे आयुष्मती म्हणाल्या. पहिला तासभर आम्ही दोघेही घामाघूम झालो. नंतर पायांचा मेळ बसला. दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत कपडे, पाण्याच्या बाटल्या, हातभर लांबीचा पाव, टोमॅटो आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. भाचा आपल्या सायकलवर पुढे.

कारकासॉनची एक गंमत आहे. कालवा खोदला जात असताना तो गावाजवळून न्यायचा तर गावाने पैसे द्यावेत, अशी अट होती. गावाने नकार दिला. कालवा दूरून गेला. पुढे सव्वाशे वर्षे पस्तावल्यावर १८१० मध्ये तो वळवून गावात आणला. आपल्याकडच्या बायपास रस्त्यांची भांडणे आठवली.

गाव सुटले की वाट मातीची होते. तुलूझच्या बाजूला डांबरी आहे, इकडे बऱ्याच ठिकाणी नाही. झाडांच्या मुळांनी ती उचललेली. एका अंगाला हिरवट पाणी, दुसऱ्या अंगाला द्राक्षांच्या ओळी. मध्येच लॉक येते. लॉक म्हणजे दोन दारांमधली दगडी टाकी. होडी आत शिरते, मागचे दार लागते, टाकी भरते किंवा रिकामी होते आणि होडी वरच्या अगर खालच्या पातळीवर जाते. येथली लॉके सरळ भिंतींची नाहीत, मध्ये फुगलेली, ऑलिव्हच्या फळासारखी आहेत. आरंभी एका लॉकची सरळ भिंत मातीच्या दाबाने कोसळली, म्हणून पुढे हा आकार दिला. कमान जशी भार पेलते तशी ही भिंत माती पेलते.

या कालव्याची सावली फार प्रसिद्ध. दोन्ही काठांवर प्लेन नावाची चिनारासारखी ४२ हजार झाडे होती. आम्ही त्या सावलीसाठी आलो होतो म्हणा ना. पण त्रेब गावाच्या आसपास मैलोगणती काठ उघडा पडला आहे. झाडाला आतून सुकवणारी एक बुरशी २००६ साली येथे सापडली. तिच्यावर उपाय नाही, झाड तोडायचे आणि जागेवरच जाळायचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ही बुरशी फ्रान्समध्ये आली, असे मानतात. हजारो झाडे गेली. त्यांच्या जागी आता वेगवेगळ्या जातींची रोपे लावली आहेत, कारण एकाच जातीची रांग एकाच रोगाने मरते. रोपे आमच्या डोक्याएवढी. भर दुपारी तो टप्पा ओलांडताना डोक्याला रुमाल बांधावा लागला.

आता द्राक्षांविषयी. आयुष्मतींचे माहेर दिंडोरीकडचे. शाळेच्या सुट्टीत त्यांनी रोजंदारीवर द्राक्षांची विरळणी केलेली आहे. मांडवाखाली दिवसभर मान वर करून घडातले मणी कात्रीने काढायचे, हे ज्यांनी केले त्यांनाच त्याची कळ ठाऊक. येथे मांडव नाहीत. जुनी झाडे तारेशिवाय, कमरेएवढी, आखूड बुंध्याची. नवी तारांवर ओळीने. "येथे मान नाही, पाठ मोडत असेल," असे त्या पाहताक्षणीच बोलल्या, आणि ते खरे आहे. ही द्राक्षे खायची नाहीत, वाइनची. मणी बारीक, साल जाड, बिया पुष्कळ. विरळणीचा प्रश्नच नाही. आपल्याकडचे बागाईतदार डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात, तो खुंट मूळ अमेरिकेचा. येथेही तेच. १८६० च्या दशकात अमेरिकेतून फिलॉक्सेरा नावाची बारीक कीड आली, तिने मुळे खाऊन फ्रान्सच्या बागा बसवल्या. अमेरिकन वेलीची मुळे तिला दाद देत नाहीत, म्हणून खाली अमेरिकन मूळ आणि वर फ्रेंच वेल असा संसार सुरू झाला.

सप्टेंबर म्हणजे काढणीचा हंगाम. पण माणसे थोडी दिसली. दोन चाकांमध्ये ओळ धरून चालणारे उंच यंत्र वेल हलवते आणि मणी खाली पट्ट्यांवर गळतात. काही बागांत अजून हाताने तोडणी होते. १९५०-६० च्या दशकांत या हंगामासाठी स्पेनमधून हजारो मजूर येत, आपल्या ऊसतोडणी कामगारांसारखे. एका बांधावर आयुष्मतींनी तोडणी करणाऱ्या बाईची कात्री हातात घेऊन पाहिली. भाषा येत नव्हती. दोघींनी एकमेकींना बोटांवरचे वण दाखवले.

वाइनच्या गावांतून जाताना पदोपदी फुकट चव घेण्याचे आमंत्रण असते. ऑम्प्स नावाच्या जुन्या बंदरात तर दर दोन दारांआड दुकान. आम्ही पाचवे शील पाळणारी माणसे. नको म्हटले की लोक खट्टू होतील अशी भीती होती. एका म्हातारबाईंनी कारण विचारले, भाच्याने सांगितले, त्यांनी आत जाऊन द्राक्षाच्या रसाचे तीन पेले आणले. पैसे घेतले नाहीत. वाटेत या विषयाची जी धास्ती आम्ही बाळगली होती ती तेथेच संपली.

ऑम्प्सच्या पुढे आर्जां गावचे लॉक ओलांडले की सुमारे ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. कालवा डोंगराच्या कडेने समान उंचीवर वळणे घेत जातो. सायकलवाल्याला याहून सुख नाही. चढ नाही, उतार नाही, घाई करण्यासारखेही काही नाही. वळणामागे वळण. वाटेत रेप्युद्र नावाचा एक ओढा लागतो. त्याच्यावरून कालवा दगडी पुलाने जातो. हा पूल १६७६ सालचा. पुलावर होडी आणि खाली ओढा, हे पाहून आयुष्मती सायकलवरून उतरल्या आणि "हे खोदले कोणी?" असे त्यांनी विचारले.

सगळीकडे नाव लिहिले आहे ते पिएर-पॉल रिके याचे. हा इंजिनियर नव्हता. मिठावरचा कर वसूल करण्याचा मक्ता त्याच्याकडे होता. तो कर गरिबाच्या ताटातून जात असे. रूसियों भागातल्या शेतकऱ्यांनी याच करासाठी बंड केले होते. या पैशाचा काही भाग कालव्यात गेला. रिके स्वतः कालवा पुरा होण्याआधी काही महिने, १६८० मध्ये, वारला. तेव्हा तो फार थोर होता असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याच्या हजेरीपटाविषयी जे कळते ते कारकुनाच्या नजरेतून सुटण्यासारखे नाही. कामाच्या भरात सुमारे १२ हजार माणसे खोदाईवर होती, त्यांत टोपल्या वाहणाऱ्या स्त्रिया पुष्कळ. रिकेने रोजंदारीऐवजी महिन्याचा पगार ठरवला, दरमहा १० लिव्र. रविवार आणि सणांचे दिवस पगारी. पावसाने काम बंद पडले तर तो दिवस पगारी. आजारी पडले तर तोही पगारी. दया म्हणून नव्हे. शेतीच्या हंगामात माणसे पळून जात, ती टिकावीत म्हणून. कारण काहीही असो, साडेतीनशे वर्षांपूर्वी एका मातीकाम करणाऱ्या बाईला पावसाच्या दिवसाचा पगार मिळाला. त्याच काळात आपल्याकडे गावकीची वेठ होती, तिला हजेरीपटच नव्हता.

आम्ही ज्या नगरीत काम करतो तेथील कंत्राटी सफाई कामगारांचे अर्ज गेली बारा वर्षे लिहून देत आहोत. त्यांच्या हजेरीपुस्तकात रजेचा रकानाच छापलेला नाही. गैरहजर आणि हजर, दोनच खुणा. एका भगिनीला बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी झाडू घ्यावा लागला. हे आम्ही त्या पुलावर बसून आयुष्मतींना सांगितले नाही, त्यांना ते ठाऊक होते. अर्जाची प्रत त्यांनीच टाइप केली होती.

टोपल्या वाहणाऱ्या स्त्रियांविषयी आणखी एक. चंद्रा मुखर्जी नावाच्या अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००९ साली या कालव्यावर ग्रंथ लिहिला. पिरेनीज डोंगरातल्या खेड्यांत ओढ्याचे पाणी उतारावरून घरा-शेतांपर्यंत आणण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि त्या खेड्यांतून आलेल्या स्त्रियांनी केवळ माती वाहिली नाही, पाणी कोठून कसे वळेल हे ज्ञानही पुरवले, असे त्यांनी त्यात मांडले आहे. पुतळा मात्र रिकेचा.

पुढे आर्जेलिए गाव लागते. लहानसे गाव, चौकात थोडी गर्दी. १९०७ च्या मार्चमध्ये या गावातले ८७ द्राक्ष शेतकरी पायी नार्बोन शहराकडे निघाले. वाइनचे भाव कोसळले होते. एकीकडे अमाप उत्पादन, दुसरीकडे व्यापारी साखर-पाणी घालून खोटी वाइन विकत. पुढारी मार्सेलें आल्बेर, गावातलाच लहान शेतकरी आणि कॅफेवाला. दर रविवारी सभा वाढत गेली. ९ जूनला मोंपेलिए येथे पाच लाखांहून अधिक माणसे जमली. सरकारने सैन्य पाठवले, नार्बोनमध्ये गोळीबार झाला, माणसे मेली. तेव्हा १७ व्या पायदळ पलटणीचे सुमारे ५०० जवान, जे याच भागातल्या शेतकऱ्यांची मुले होते, बंड करून बेझिए शहरात येऊन बसले. आपल्याच आई-बापांवर बंदूक धरणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यांना पुढे ट्युनिशियात पाठवले गेले. पण जूनच्या अखेरीस भेसळीविरुद्धचा कायदा झाला. त्यानंतर या भागात सहकारी वाइन कारखाने गावोगाव निघाले. आपल्या साखर कारखान्यांसारख्याच त्यांच्या इमारती, मोठ्या, दर्शनी भागावर गावाचे नाव. काही आज बंद आहेत, हेही आपल्यासारखेच.

आता टँडमविषयी राहिलेले सांगतो. आमची सायकल पाहून वाटेतले म्हातारे फ्रेंच लोक हात हलवीत, हसत, काहीतरी ओरडत. भाच्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामा, ते '३६, '३६' म्हणतात." १९३६ च्या मे-जूनमध्ये फ्रान्सच्या कारखान्यांत सुमारे वीस लाख कामगार संपावर गेले, पुष्कळ ठिकाणी कारखान्यातच ठाण मांडून बसले. नुकतेच लिओं ब्लूम यांचे सरकार आले होते. २० जूनच्या कायद्याने प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवडे पगारी रजा मिळाली. त्याआधी बहुतेक कामगारांना ती माहीतच नव्हती. लिओ लाग्रांज या मंत्र्याने रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सवलत मिळवून दिली. ज्यांना तिकीटही जड होते ते टँडमवर निघाले, नवरा पुढे, बायको मागे, तंबू बांधलेला. अनेकांनी त्या उन्हाळ्यात जन्मात प्रथम समुद्र पाहिला. पुढे ही रजा वाढत वाढत १९८२ मध्ये पाच आठवड्यांची झाली. म्हणजे आम्ही ज्या वाहनावर बसलो होतो ते तेथल्या कामगाराच्या पहिल्या सुट्टीचे वाहन होते.

त्याच १९३६ च्या जूनमध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी सुट्टीचा करार संमत केला. आपल्या देशात तो विषय कायद्यात आणला तो बाबासाहेबांनी. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक त्यांनी मांडले आणि १९४५ साली बारमाही कारखान्यांतील कामगाराला, सलग बारा महिने काम केल्यावर, १० दिवस पगारी सुट्टीचा हक्क मिळाला. बाबासाहेबांनी राज्यघटना दिली हे आपली मुले जयंतीच्या भाषणात घडाघडा सांगतात, पण ही दहा दिवसांची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आमच्या वडिलांच्या रजेच्या खात्यावर जे दिवस जमा होत, त्यांचा उगम येथे आहे.

ते दिवस आपण कशावर घालवतो हा हिशेब आम्ही त्या संध्याकाळी कापेस्तां गावच्या पुलाजवळ मांडला. वडिलांची रजा गेली ती बहिणींची लग्ने, आजीचे आजारपण, गावची मयत आणि उरलेली विकून मुलांच्या फीमध्ये. आमचीही तशीच. यात चूक कोणाची नाही, घर त्यानेच चालले. पण नुसते हिंडण्यासाठी घेतलेली रजा ही श्रीमंतांची चैन आहे, हा समज मात्र आम्हांला त्या पाच लाखांच्या आणि वीस लाखांच्या मुलखात टिकवता आला नाही. आयुष्मतींनी पाय कालव्याच्या पाण्यात सोडले होते. इतका वेळ काही न करता बसल्याचे आठवत नाही, असे त्या म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी मालपा नावाची टेकडी लागली. कालव्यासाठी या टेकडीला सुमारे १६५ मीटरचे भगदाड पाडले आहे. त्याच टेकडीच्या पोटात खाली रेल्वेचा बोगदा आहे आणि त्याच्याही खाली तेराव्या शतकातली पाण्याची मोरी. ती मोरी मोंतादीच्या तळ्याची. शेजारच्या आँसेरून टेकडीवर सायकल ढकलत चढलो आणि ते तळे पाहिले. त्यात पाणी नाही. १२४७ मध्ये दलदल उपसण्याचे काम सुरू झाले. मध्यभागाकडे चाकाच्या आऱ्यांसारखे चर खोदले आणि सारे पाणी टेकडीखालून बाहेर काढले. आजही शेते पाचरीच्या आकाराची आहेत, केकचे तुकडे करावेत तशी. शेजाऱ्याने आपला चर बुजवला तर सगळ्यांचे शेत बुडेल. आम्ही तेथे तासभर बसलो.

बेझिएच्या वेशीवर फॉन्सरानची लॉके आहेत, एकाखाली एक अशा टाक्यांचा जिना. होड्या २१ मीटर खाली उतरतात. पाहायला जत्रेसारखी गर्दी. शहरात मोठा झाडीचा रस्ता आहे, त्यावर रिकेचा पुतळा १८३८ पासून उभा. १९०७ चे ते बंडखोर जवान याच रस्त्यावर बसले होते.

बेझिएहून कालवा पुढे समुद्राकडे जातो. आणखी दीड-दोन दिवसांची वाट. आयुष्मतींची फार इच्छा होती, त्यांच्या पायांना आता कुठे मेळ सापडला होता. पण आमची अर्जित रजा सोमवारी संपत होती. टँडम दुकानात परत दिली, मागच्या सीटची उंची त्यांनी कागदावर लिहून घेतली आणि आम्ही तुलूझची गाडी धरली.